एका जोत्यावर चार चुली: कोल्हापुरात मधल्या आकाराच्या घरांना नियमांनी हात द्यावा

कळंबारोड (धागा काढणारी)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आहे. जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

आमचं घर कळंबा रोडच्या आतल्या बाजूला, मंजूर लेआऊटमधल्या कॉलनीत. प्लॉट तीन गुंठ्यांचा, साधारण पन्नास फूट बाय पासष्ट. समोरचा रस्ता साडेसात मीटर. वडिलांनी १९८६ साली खाली चार खोल्या आणि वर एक खोली बांधली. आज घरात आई, मी आणि धाकटा भाऊ-वहिनी. थोरला भाऊ शहराबाहेर उचगावात भाड्यानं राहतो, कारण त्याची दोन पोरं वाढली आणि खोल्या मात्र तेवढ्याच राहिल्या. मोठी बहीण इचलकरंजीत असते, तिलाही आता आईच्या जवळ यायचं आहे.

तीन पर्याय समोर आले. पहिला, प्लॉट विकायचा, पैसे वाटून घ्यायचे आणि चौघांनी चार दिशांना जायचं. दुसरा, शेजारचा प्लॉट जोडून बिल्डरला द्यायचा आणि मोठ्या अपार्टमेंटमध्ये दोन फ्लॅट घ्यायचे. शेजारच्या काकांना हे नको आहे. तिसरा आमच्या मनातला: खाली पार्किंग, वर तीन मजले, एका मजल्यावर दोन घरं. चार घरं आमची, दोन विकून बांधकामाचा खर्च काढायचा.

आर्किटेक्टनी कागदावर हिशेब करून दाखवला. प्लॉट ३०३ चौरस मीटर. आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या भागात मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट चटई, म्हणजे बांधकामाचं क्षेत्र, मिळतं ते प्रमाण) १.१०, म्हणजे साधारण ३३३ चौरस मीटर. त्यावर प्रीमियम (जादा शुल्क) भरून जिना, लॉबी, बाल्कनी वगैरेंसाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक चटई क्षेत्र. सगळं मिळून ५३३. सहा घरांत वाटलं तर जिना-लॉबी धरून घरटी ८८ चौरस मीटर. कागदावर बसतंय!

तरीही कळंबा रोडपासून संभाजीनगरपर्यंत फिरून बघा. बंगला दिसेल, नाहीतर मोठं अपार्टमेंट दिसेल. चार-सहा घरांची नवी इमारत क्वचितच दिसेल. असं का होतं याचा शोध घेताना मला एवढं कळलं, की असं घर बांधायला मनाई कुठंच नाही, पण ते बांधावं म्हणून नियमांत काही ठेवलेलंही नाही. एफएसआय रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. रस्ता नऊ मीटरच्या आत असला की वाढीव प्रीमियम एफएसआय नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. एका कुटुंबाचा मोठा बंगला बांधा किंवा सहा कुटुंबांची घरं बांधा, चटई तेवढीच.

शहराच्या विकास आराखड्याचं काम चालू आहे, म्हणून आत्ताच विचारते. उंच, कोरड्या जागेवरच्या जुन्या कॉलन्यांत एका प्लॉटवर तीन ते सहा घरं बांधणाऱ्याला काही सवलत मिळावी असं तुम्हाला वाटतं का? आणि कुणी असं बांधलं असेल तर अनुभव सांगा.


सोपा_परडं

कळंबारोड, विषय फार जिव्हाळ्याचा काढलात. मी शिवाजी पेठेतला. आमच्याकडं हे नवं नाही, उलट हेच जुनं.

आमचा वाडा रस्त्याला अठरा फूट आणि आत सत्तर फूट. पुढं सोपा, मग माजघर, मग चौक, मागं परडं. आजोबांच्या वेळी त्यात चार चुली होत्या. थोरले आजोबा सोप्याच्या बाजूला, आमचे माडीवर, धाकटे परड्याकडच्या दोन खणांत, आणि एक बिऱ्हाड भाड्यानं, मास्तरांचं. न्हाणी एक, आड एक, दरवाजा एक. कुणाच्या घरात काय शिजलंय ते चौकात उभं राहिलं की कळायचं. जागा थोडी होती, पण लग्न झालेल्या पोराला गाव सोडून जावं लागत नव्हतं.

आता त्याच वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं आहेत. पेठ दाट वस्तीत मोडते, त्यामुळं नऊ मीटरच्या आतल्या रस्त्यावरसुद्धा मूळ एफएसआय १.५०, तुमच्यापेक्षा जास्त. पण अठरा फुटांच्या तोंडात गाडी आत घ्यायची, जिना चढवायचा आणि उजेडासाठी जागा सोडायची, यात तळमजल्याला काही उरत नाही. शेजारच्या दोन वाड्यांनी एकत्र यावं तर त्यांच्याकडं नऊ आणि चौदा नावं. बघता बघता माडी खचत चालली आहे.

पेठेतल्या अरुंद प्लॉटला पार्किंगची सूट मिळाली तर दहा वर्षांत निम्मे पडके वाडे उभे राहतील असं माझं मत आहे. आमच्याकडं चार घरांत मिळून एक चारचाकी आहे, तीही तालमीच्या पटांगणाशेजारी लावतो.


गवंडीकाका

ताई, मी चाळीस वर्सं बांधकामात हाय. तुमच्या तीन गुंट्यात सहा घरं आरामात बसत्यात, काळजी करू नका. पुढं तीन मीटर सोडा, बाजूनं आन मागनं दीड-दीड. खाली पार्किंगला उंची चांगली ठेवा, न्हाईतर गाडीचं टप घासतंय आन पावसाळ्यात कोंदट हुतंय.

एक गोष्ट सांगतो, ती आर्किटेक्ट कागदावर दावत न्हाई. कॉलम कुठं येतोय ते गाडीच्या हिशेबानं ठरवा, खोलीच्या न्हाई. एका गाडीला अडीच मीटर बाय पाच मीटर लागत्यात. दोन कॉलमच्या मधी पाच मीटरला थोडं जास्त ठेवलं तर दोन गाड्या बसत्यात. साडेचार ठेवलं तर एकच बसती आन बाकी जागा फुकट जाती. वर हॉलच्या मधी बीम आला तर फॉल्स सिलिंग करता येतंय, खाली कॉलम सरकवता येत न्हाई.

जिना साडेतीन फूट तरी रुंद ठेवा. पायरी सहा इंच, बैठक अकरा. सात इंचाची पायरी केली तर पायऱ्या कमी हुत्यात, म्हणून कॉन्ट्रॅक्टर तसं करतोय. पण तुमची आई तीन मजले रोज चढनार हाय काय? लिफ्टचा खड्डा आत्ताच काढून ठेवा. लिफ्ट मागनं बसवा, पैसं आल्यावर. खड्डा मागनं निघत न्हाई.

दीड गुंट्याच्या प्लॉटात मात्र कुणी चार घरं सांगितली तर इचार करा. जिना आन गाड्या काढल्या की उरतंय काय?


कळंबारोड

काका, कॉलमचं कुणीच सांगितलं नव्हतं. नकाशा पुन्हा काढायला लावते. आईला खालचं घर द्यायचा विचार होता, पण खाली पार्किंग. पुढच्या बाजूला पार्किंग आणि मागं एक खोली-स्वयंपाकघर असं जमेल का, तेही विचारते.


दुधाळीकर

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. रागावून लिहीत नाही, पण कळकळीनं लिहितो.

आमच्या घराच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. तांबड्या ऑईलपेंटच्या, आमच्या वडिलांनी ब्रशनं मारलेल्या. एक ऑगस्ट २०१९ची, एक जुलै २०२१ची. दाराच्या चौकटीला लागून आहेत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतात. २००५च्या पुराची रेघ जुन्या भिंतीवर होती, ती भिंत पडली. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. जुलै आला की आमच्या घरात बातम्यांच्या आधी हे आकडे बघितले जातात. ४१ झाली की आई गहू-तांदळाचे डबे माळ्यावर चढवते.

घरं वाढवायचा नियम सगळ्या शहराला सरसकट लावला तर आमच्याकडं काय होईल? पार्किंग खाली म्हणजे पूर खाली, घरं वर, मग काय अडचण, असं म्हणणारे येतील. पण पूर आला की वरच्या मजल्यावर बसून राहता येत नाही. वीज तोडतात, पाणी येत नाही, संडास भरून वर येतात. बोटीतून उतरायला वरच्या मजल्यावरचा म्हातारा माणूस तयार होत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. सहा घरं असली तर सहा कुटुंबं बाहेर काढायची.

निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला मनाई आहेच. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. पण दोन वर्षांच्या अंतरानं दोन महापूर बघितलेल्या माणसाला या आकड्यांवर झोप लागत नाही. म्हणून तुमच्या मागणीत पहिलं वाक्य हे असू दे: लाल रेषेच्या बाहेरच. मग मी सही करतो.


कळंबारोड

दादा, तुमची अट मान्य. मी "उंच, कोरड्या जागेवर" लिहिलं ते याचसाठी, पण शब्दांत "लाल रेषेबाहेर" असंच पाहिजे, हे पटलं. किंबहुना माझं म्हणणं त्याच्याच पुढचं आहे. शहर बाजूंना पसरू शकत नाही. १९७२ साली महापालिका झाली तेव्हाची हद्द पन्नास वर्षं तशीच राहिली. उत्तर-पश्चिमेला नदी, मधून जयंती नाला. मग नव्या कुटुंबांनी जायचं कुठं? पुराच्या जागेत जाऊ नये असं वाटत असेल तर कोरड्या जागेवर त्यांना जागा करून द्यावी लागेल.


पोर्टलंडची_पावणी

मी मूळची मंगळवार पेठेतली, गेली बारा वर्षं अमेरिकेत ओरेगन राज्यात आहे. आमच्याकडं याच विषयावर मोठं भांडण झालं आणि कायदा झाला, म्हणून लिहिते.

इथं बहुतेक शहरांत निवासी जमिनीच्या मोठ्या भागावर एका प्लॉटवर एकच घर, असा नियम होता. दुसऱ्या कुटुंबासाठी दुसरं घर बांधणं बेकायदा. त्यामुळं बंगला किंवा टॉवर, मधलं काही नाही. याला इकडं "हरवलेलं मधलं" असं नाव पडलं. २०१९ साली ओरेगननं राज्याचा कायदा केला: दहा हजारांवर लोकवस्तीच्या शहरांत जुळं घर बांधू द्यायचं, आणि पंचवीस हजारांवरच्या शहरांत तीन घरं, चार घरं, ओळीतली घरंसुद्धा. पोर्टलंड शहरानं २०२० साली आपला नियम मंजूर केला आणि ऑगस्ट २०२१पासून लावला. बहुतेक प्लॉटवर चार घरं, आणि निम्मी घरं परवडणाऱ्या दरात दिली तर सहा.

मला त्यातला एक भाग कोल्हापूरसाठी फार महत्त्वाचा वाटतो. तिथं एफएसआय घरांच्या संख्येबरोबर वाढतो. शहरातल्या एका नेहमीच्या झोनमध्ये एकच घर बांधलं तर प्लॉटच्या ०.५ पट, दोन घरांना ०.६, तीन किंवा जास्त असतील तर ०.७. आकडे आपल्यापेक्षा लहान आहेत, ते सोडून द्या, विचार बघा. एकट्यानं मोठा बंगला बांधणाऱ्याला कमी आणि जागा वाटून घेणाऱ्याला जास्त. कळंबारोड, तुम्ही लिहिलंत की बंगला असो की सहा घरं, चटई तेवढीच. तिथं नेमकं हेच बदललं.

मिनियापोलिसचाही अनुभव आहे. त्यांनी २०२० पासून सगळीकडं एका प्लॉटवर तीन घरांची मुभा दिली, पण तीन घरांच्या इमारती फार थोड्या झाल्या. इमारतीचा आकार वाढवून दिला नव्हता, मग बांधणाऱ्याला परवडेना. नुसती परवानगी पुरत नाही. २०२१ साली त्यांनी सगळ्या शहरात पार्किंगची सक्तीही काढून टाकली.

अर्थात इथल्या बऱ्याच रस्त्यांना फुटपाथ आहेत आणि सांडपाण्याची लाईन बहुतेक दारांत आहे. तेवढा फरक धरून वाचा.


राजारामपुरी_वरची_गल्ली

पोर्टलंडच्या ताई, तुमचं शेवटचं वाक्य माझं पहिलं वाक्य आहे.

आमची गल्ली बघा. दोन्ही बाजूंनी दुचाकी, एका बाजूनं चारचाकी, मधून रिक्षा जाते तीही अंग चोरून. तीन वर्षांपूर्वी शेजारी एक बंगला पाडून आठ फ्लॅट झाले. खाली पार्किंग दाखवलेलं आहे, पण त्यात आता एक टपाल कुरिअरचं गोडाऊन आहे आणि गाड्या सगळ्या रस्त्यावर. त्यानंतर आमच्या दारात अॅम्ब्युलन्स आली होती, माझ्या सासऱ्यांसाठी. गल्लीच्या तोंडाशी थांबली. स्ट्रेचर चालत न्यावं लागलं, दीडशे पावलं. ते वाचले, पण ती दीडशे पावलं मी विसरू शकत नाही.

पाण्याचंही तसंच. काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन आली, फार मोठं काम झालं, पण गल्लीतली नळाची लाईन जुनीच आहे. बंगल्यात चार माणसं होती, आता तीस आहेत. ड्रेनेजचं झाकण महिन्यातून एकदा वर येतं.

मी घरांच्या विरोधात नाही. माझ्या मुलालाही उद्या घर लागेल. पण घरं वाढवायची असतील तर आधी पाईप आणि मग एफएसआय, हा क्रम पाहिजे.


सोपा_परडं

वहिनी, सासरे बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. पण त्या आठ फ्लॅटच्या पार्किंगमध्ये गोडाऊन आहे हा नियमाचा दोष की नियम मोडल्याचा? आणि माणसं शहरात राहणारच. आत नाही राहिली तर बाहेर राहतात आणि रोज सकाळी गाडी घेऊन तुमच्याच गल्लीतून जातात.


उचगाववासी

बाहेर राहणारा मी. म्हणून लिहितो.

माझा जन्म लक्ष्मीपुरीत भाड्याच्या दोन खोल्यांत. वडील शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीत होते, मी शिरोलीला एमआयडीसीत आहे. लग्न झाल्यावर शहरात फ्लॅट बघितला. एक बीएचके मिळत नव्हता, बिल्डर दोनच्या खाली बांधत नव्हता आणि दोनचा हप्ता माझ्या पगारात बसत नव्हता. मग २०११ साली एक गुंठा घेतला. सातबारा सामाईक, त्यावर माझ्यासकट सतरा नावं. लेआऊट मंजूर नाही, रस्ता म्हणजे दोघा मालकांनी सोडलेली पंधरा फुटांची माती. बँकेनं कर्ज दिलं नाही, पतसंस्थेनं दिलं, चढ्या व्याजानं. घर बांधलं. पहिली चार वर्षं पाणी टँकरनं. शौचाचा खड्डा शेजाऱ्याच्या बोअरपासून बारा फुटांवर, दुसरी जागाच नव्हती.

गुंठेवारीचा कायदा २००१चा आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट मोकळी झाली. आमच्यातल्या काहींनी अर्ज केले आहेत. मी पैसे भरायला तयार आहे. पण पैसे भरून रस्ता पंधरा फुटांचा वीस होणार नाही, आणि खड्डा बोअरपासून लांब जाणार नाही.

मला २०११ साली राजारामपुरीत किंवा जवाहरनगरात एका बंगल्याच्या जागी बांधलेल्या सहा घरांपैकी साडेचारशे चौरस फुटांचं एक घर मिळालं असतं, तर मी हा गुंठा घेतलाच नसता. आमच्या ओळीतल्या सतरापैकी दहा-बारा जण तरी असंच म्हणतील. पाईपवर ताण येतो हे खरं आहे, वहिनी. आमच्याकडं पाईपच नाही, म्हणून तो ताण दिसत नाही.


राजारामपुरी_वरची_गल्ली

दादा, तुमचं वाचून थांबले. खड्ड्याचं आणि बोअरचं मला माहीत नव्हतं. माझी मागणी मागं घेत नाही, पाईप पाहिजेतच. पण विरोध म्हणून लिहिलं होतं, तसं आता म्हणणार नाही.


सहापैकी_एक

मी अशाच लहान इमारतीत राहते. सहा फ्लॅट, पावणेतीन गुंठ्यांत. सगळं चांगलं बोलताय, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूनं एक इशारा.

रेरा कायद्यात (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा आठपर्यंतच फ्लॅट असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे तुम्ही ज्या इमारतींबद्दल बोलताय त्या जवळजवळ सगळ्या रेराच्या नोंदणीबाहेर. मी २०१७ साली घेतला तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. बांधणाऱ्यानं ताबा दिला, भोगवटा प्रमाणपत्र "पुढच्या महिन्यात" म्हणाला. तो पुढचा महिना पाच वर्षांनी आला, तोही आम्ही सहाही जणांनी वर्गणी काढून, माणूस लावून, जिन्याची एक भिंत पाडून आणि पुन्हा बांधून. तोपर्यंत घरफाळा जास्तीचा. अपार्टमेंटचं डिक्लरेशन (कुणाचं काय हे नोंदवणारा दस्त) झालं नव्हतं, त्यामुळं गच्ची कुणाची, पाण्याची टाकी कुणाची, यावर दोन शेजारी दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

आता सगळं सुरळीत आहे आणि मला हे घर खूप आवडतं. सहा घरांत कुणाच्या घरी पाहुणे आले ते कळतं, कुणी आजारी पडलं तर डबा जातो. साठ फ्लॅटच्या इमारतीत हे होत नाही, माझी बहीण तिथं राहते.

पण कळंबारोडताई, तुम्ही जी दोन घरं विकणार आहात, ती घेणाऱ्यांना पहिल्या दिवशीच मंजूर नकाशाची प्रत द्या. डिक्लरेशन विक्रीच्या आधी करा. गच्ची आणि पार्किंग कुणाकडं किती, ते त्यातच लिहा. तुमच्या भावंडांत सुद्धा लिहूनच ठेवा. आज प्रेम आहे, उद्या सुना-जावई येतील.


कळंबारोड

ताई, तुमची पोस्ट मी घरात मोठ्यानं वाचून दाखवली. थोरला भाऊ म्हणाला, गच्चीचं आधी लिही. आईच्या नावावरचा प्लॉट आहे, तिनं मुलांना घर बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क अगदी थोडं लागतं असं वकिलांनी सांगितलं. म्हणजे आमच्या चार घरांची वाटणी कागदावर करायला फार खर्च नाही. तोंडी ठेवायचं काहीच कारण नाही.


आराखडा_वाचक

मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करत होतो, आता निवृत्त आहे. चर्चा चांगली चालली आहे, थोडं नियमांचं बोलतो.

पहिली गोष्ट, मागणी कुणाकडं करायची. एफएसआयचे तक्ते ज्या एकत्रित नियमावलीत आहेत ती, म्हणजे युडीसीपीआर, राज्याची आहे. डिसेंबर २०२०पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून सगळ्या महाराष्ट्राला एकच. त्यातला तक्ता कोल्हापूरला स्वतःच्या अधिकारात बदलता येत नाही. घरांच्या संख्येप्रमाणे चटई, ही पोर्टलंडची कल्पना मला मनापासून आवडली, पण ती राज्य शासनाकडं मागावी लागेल. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. तिथं रस्ते, आरक्षणं, झोन यांबद्दल लिहा.

दुसरी गोष्ट जास्त जवळची. कळंबारोड, तुमचा रस्ता साडेसात मीटर आहे. नऊ मीटरला काय मिळतं बघा: मूळ १.१०, प्रीमियम ०.५०, टीडीआर ०.४०, मिळून २.००. तुम्हाला मिळतात १.१०. ही सगळी दरी दीड मीटर रस्त्याची आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम २१०खाली रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे रस्त्याची कडा कुठं असावी ते, ठरवता येते. रेषा नऊ मीटरची ठरली, दोन्ही बाजूंनी सारखी जागा सुटली, की तो रस्ता नऊ मीटरचा धरून पुढची चटई मिळण्याची वाट नियमावलीत आहे. तुमच्या गल्लीत प्रत्येक प्लॉटनं पाऊण मीटर सोडायचा. एकट्या प्लॉटनं सोडून उपयोग नाही, अख्खी गल्ली लागते.

यात राजारामपुरीच्या ताईंचं म्हणणंही येतं. रस्ता नऊ मीटरचा झाला तर अॅम्ब्युलन्स आत येते आणि नवा पाईप टाकायला जागा मिळते. चटई आणि रस्ता एकमेकांशी बांधलेले आहेत ते त्यासाठीच. आपण मात्र रस्ता अरुंद ठेवून चटई मागत बसतो, नाहीतर दोन्ही सोडून देतो.

तिसरी गोष्ट, जाता जाता. १५० चौरस मीटरपर्यंतच्या आणि ३०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटना कमी जोखमीची म्हणून परवानगीची सोपी पद्धत आहे, मजल्यांची मर्यादा पाळून. ताईंचा प्लॉट ३०३ आहे. तीन चौरस मीटरनं हुकला.

उंची पंधरा मीटरच्या आत ठेवा. त्याच्या वर गेलात की अग्निशमनाच्या आणि इतर अटी वाढतात, आणि सहा घरांना तो खर्च पेलत नाही. तुम्हाला जे बांधायचं आहे ते बारा मीटरमध्ये होतं.


दुधाळीकर

साहेब, नियमित रेषा ठरवताना ओढ्या-नाल्यांच्या कडेच्या गल्ल्यांनाही हे लागू करणार का? शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत नाल्याचं पाणी मागून येतं, नदीच्या आधी.


आराखडा_वाचक

रेषा कुठल्या गल्लीला ठरवायची हे महापालिकेच्या हातात असतं. म्हणून तुमच्यासारख्यांनी सूचनेत गल्ल्यांची नावं घालून लिहावं: या उंच जागेवरच्या गल्ल्यांत करा, या पाण्याच्या गल्ल्यांत नको. नावं घालून लिहिलेली सूचना जास्त वाचली जाते. तुमच्या भिंतीवरच्या रेघांचा फोटो जोडा.


गवंडीकाका

पाऊण मीटर म्हंजे अडीच फुटाला थोडं कमी. ताई, तुमच्या गल्लीत कंपाउंड कसली हायत? नुसती विटांची असली तर एका प्लॉटचं पाडून मागं सरकवायला दोन मानसं, तीन दिवस. आरसीसीची असली तर जास्त. गेट तेच वापरता येतंय, नवं घ्यायची गरज न्हाई. पर आधी पाण्याचा मीटर आन नळाची जोडनी कुठं हाय ते बगा, बहुतेक कंपाउंडच्या आतच असतंय, आन तेच पयलं फुटतंय.


पोर्टलंडची_पावणी

काकांची पोस्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या मंगळवार पेठेतल्या घराचा सोपा बांधणारे गवंडी असंच बोलायचे.

कळंबारोड, तुमच्या गल्लीनं पाऊण मीटर सोडला तर कळवा. माझ्या काकांचा प्लॉट जवाहरनगरात असाच आहे, रस्ता तेवढाच. त्यांना दाखवायला उदाहरण पाहिजे आहे.


कळंबारोड

आज रविवार, सकाळी भावाला घेऊन गल्लीत टेप लावला. रस्ता एका टोकाला साडेसात आहे, दुसऱ्या टोकाला सात मीटर तीस. आमचा सोडून चौदा प्लॉट आहेत. अकरा कंपाउंड विटांची, दोन आरसीसीची, एकाला नुसती मेंदीची कुंपणाची झाडं.

दारोदार गेलो. सगळ्यांना एकच सांगितलं: अडीच फूट सोडायचे, त्याच्या बदल्यात गाडी आत येते, पाईप नवा पडायला जागा होते, आणि उद्या तुमच्या मुलांना वर बांधायचं असेल तर चटई मिळते. नऊ जण हो म्हणाले. त्यातले तिघं म्हणाले की आमचंही तेच दुखणं आहे, पोरगं पुण्यात भाडं भरतंय, इथं बांधता आलं तर परत येईल. दोघांनी विचार करून सांगतो म्हटलं. दोन घरं बंद आहेत, मालक बाहेरगावी, त्यांचे नंबर मिळवले.

राहिले शेजारचे काका, तेच ज्यांना बिल्डरला प्लॉट द्यायचा नव्हता. ते टेपकडं बघत उभे राहिले. त्यांच्या कंपाउंडला लागून प्राजक्त आहे, काकूंनी लावलेला. काकू जाऊन सहा वर्षं झाली. पाऊण मीटरची खूण बरोबर बुंध्याच्या पलीकडं येते, म्हणजे झाड रस्त्यात जातं. ते काही बोलले नाहीत, आम्हीही आग्रह केला नाही.

संध्याकाळी आई त्यांच्याकडं चहाला गेली. आमच्या मागच्या बाजूला, जिथं आता धुण्याचा दगड आहे, तिथं प्राजक्ताची फांदी लावून जगते का ते या पावसाळ्यात बघायचं ठरलं आहे. जगली तर ते सही करणार. आराखडा_वाचक काका, सूचनेचा मसुदा मी या आठवड्यात लिहून इथंच टाकते, तपासून द्या. दुधाळीकर दादा, पहिलं वाक्य तुमचंच असेल.


गवंडीकाका

फांदी बोटाएवढी जाड घ्या, तिरपी छाटा, आन खाली शेन-माती लावा. जुलैच्या पयल्या पावसात लावा. धुण्याचं पानी तिकडं जाऊ देऊ नका, साबनानं मरती.